सार्वजनिक काका आणि त्यांचे सभासद

पुण्याच्या अर्वाचीन इतिहासात असा एक गृहस्थ होऊन गेला की त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव लोक जवळजवळ विसरून गेले आणि त्याने स्थापिलेल्या संस्थेचेच नाव त्याला जन्माचे चिकटले. गणेश वासुदेव जोशी म्हणजे कोण, असे विचारल्यास चांगला वाचता माणूसही क्षणभर घुटमळेल. परंतु सार्वजनिक काका म्हटले की पुणेरी पगडी, खादीचे जाडेभरडे कपडे आणि पुणे सार्वजनिक सभा या तिन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. संस्थेने माणसाचे नाव घ्यावे हे नेहमीचेच आहे. माणसाने संस्थेचे नाव घ्यावे, तेही लोकांनी आपण होऊन दिलेले, हा मान महाराष्ट्रात फार थोड्यांच्या वाट्यास आला.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या मनात प्रथम काकाच आले. याचे कारण उघड आहे. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत गेली काही वर्षे एकच विषय फिरून फिरून येतो. गणपतीच्या आरतीला मांडव अपुरा पडतो, कोजागरीला दूध कमी पडते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र गणसंख्या पुरी होण्यासाठी अर्धा तास तहकुबी द्यावी लागते. पूर्वी आपले सभासद म्हणजे पीजीआयमधील डॉक्टर, चंडीमंदिर छावणीतील लष्करी अधिकारी आणि आमच्यासारखे केंद्र सरकारचे बदलीचे नोकर. २००५ मध्ये किशनगडजवळ राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्क, ज्यास सर्वजण आयटी पार्क म्हणतात, ते सुरू झाले आणि तेव्हापासून पुण्या-नाशकाकडील तरुण दांपत्ये मंडळात येऊ लागली. ती हौशी आहेत, हुशार आहेत. पण दोन-तीन वर्षांत कंपनी बदलते, गाव बदलते, आणि सभासद-नोंदवहीत एक पत्ता तेवढा मागे उरतो. यावर कोणी सहल सुचवितो, कोणी नाटक, कोणी वर्गणीत सवलत. दीडशे वर्षांपूर्वी ज्याच्यापुढे हाच प्रश्न होता आणि ज्याने तो काही काळ तरी फार चांगला सोडविला, त्याचे चरित्र या निमित्ताने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यास झाला. पेशवाई बुडून तेव्हा पुरती दहा वर्षे झाली होती. साताऱ्यास छत्रपतींची गादी अजून होती. ती काकांच्या विशीतच खालसा झाली. तरुणपणी ते पुण्यास आले, न्यायखात्यात कारकुनी केली, पुढे ती सुटली आणि वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी पुण्यात आपला जम बसविला. त्यांच्या इंग्रजी विद्येचा बोलबाला कोठे आढळत नाही. ते ना पदवीधर होते ना ग्रंथकार. या काळातील बहुतेक पुढाऱ्यांची चरित्रे एल्फिन्स्टन कॉलेजच्या पायऱ्यांवरून सुरू होतात. काकांचे कचेरीच्या ओट्यावरून सुरू होते. पक्षकारांशी रोज बोलून, त्यांचे तंटे ऐकून, कोणत्या माणसास कोणती गोष्ट कशी सांगितली असता पटते, याचे जे ज्ञान होते ते त्यांस होते. आमच्या मते पुढील सर्व कार्याचे भांडवल हेच.

सार्वजनिक सभेपूर्वी संस्था निघाल्या नव्हत्या असे नाही. मुंबईस जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी आदी मंडळींनी २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन स्थापन केली. तिचा पहिला अर्ज विलायतेत पोहोचला, त्याचा बराच गाजावाजाही झाला. पण दहा वर्षांच्या आतच ती निपचित पडली आणि १८६७ मध्ये तिला पुन्हा उठवून बसवावे लागले. पुण्यातही त्याच सुमारास असेच प्रयत्न झाले. १८६७ मध्ये पूना असोसिएशन निघाली. या सर्व संस्थांचे दुखणे एकच होते. सभासद म्हणजे वर्गणी भरणारा प्रतिष्ठित गृहस्थ. तो स्वतःखेरीज कोणाचा नव्हता. अर्जावर सही करावी, वर्षातून एकदा सभेस यावे, अत्तरगुलाब घ्यावा, घरी जावे. सरकारशी एखादे प्रकरण पेटले असेल तोवर चार लोक जमत. प्रकरण थंडावले की संस्थाही थंडावे.

पुण्यात ठिणगी पडली ती पर्वतीच्या देवस्थानावरून. पेशव्यांनी उभारलेल्या या संस्थानच्या कारभाराविषयी गावात तक्रारी फार झाल्या. लोक जमले, बोलले, अर्ज करावयाचे ठरले. आणि मग मुद्द्याचा प्रश्न निघाला. हे अर्जदार कोण? पुण्याच्या लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार यांस कोणी दिला? सरकारने असा प्रश्न विचारला तर त्यास उत्तर नव्हते. एखादा मुत्सद्दी येथे चिडला असता. काका वकील होते. वकिलास हा प्रश्न रोजचाच असतो. वकीलपत्र दाखल केल्याखेरीज कोर्ट त्याचे तोंडही पाहत नाही. तेव्हा काकांनी तोच रिवाज सार्वजनिक कामास लागू केला.

२ एप्रिल १८७० रोजी, चैत्राच्या आरंभी, पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि चिटणिसीचा भार काकांनी उचलला. सभेचा नियम असा की, ज्यास सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. त्या पन्नासांनी लिहून द्यावयाचे की, सार्वजनिक हिताच्या कामी हा मनुष्य आमच्या वतीने बोलेल. आरंभी पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मत देण्याची पेटी, मतदारयादी, निवडणूक हे शब्दही ज्या काळी सामान्य माणसाच्या कानावर पडले नव्हते, त्या काळी सहा हजार लोकांनी आपले मुखत्यार नेमले! हिंदुस्थानात अशा रीतीने उभी राहिलेली दुसरी सभा त्या वेळी आमच्या माहितीत नाही.

या नियमाची वाखाणणी बहुधा राजकीय दृष्टीने केली जाते. सरकारपुढे सभेचे वजन वाढले, वगैरे. ते खरेच आहे. पण आम्हास त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. पन्नास सह्या मिळवावयाच्या म्हणजे पन्नास दारे ठोठवावी लागतात. प्रत्येक दारी, सभा म्हणजे काय, ती कशासाठी, माझे त्यात काय, असे प्रश्न येणार आणि त्यांची उत्तरे देता देता सभासद होऊ इच्छिणाऱ्याचीच प्रथम खात्री पटत जाणार. मुखत्यारपत्र घेऊन तो सभेत आला की तो एकटा उरत नाही. पुढच्या आठवड्यात मंडईत, देवळात, कचेरीत त्या पन्नासांपैकी कोणीतरी भेटतोच आणि सभेत काय झाले हे विचारतो. सभेस गैरहजर राहणाऱ्या सभासदास चिटणिसाने पत्र लिहावे लागत नाही. त्याचे शेजारीच त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. वर्गणी दिली की आपले देणे फिटले असे वाटू लागते. विश्वास टाकलेल्या माणसाचे देणे तसे फिटत नाही. काकांनी सभासदास काही देऊ केले नाही. उलट प्रवेशालाच त्याच्यावर ओझे ठेवले, आणि आश्चर्य असे की त्यामुळेच लोक टिकले.

नोव्हेंबर १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे पुण्यास न्यायाधीश म्हणून आले आणि सभेस बुद्धीचे फार मोठे पाठबळ मिळाले. रानडे सरकारी नोकर; त्यांना पदाधिकारी होता येत नव्हते. आमच्यासारख्या सेवानियमांच्या चौकटीत आयुष्य काढलेल्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. त्यांनी तिच्यातून मार्ग काढला तो असा की, विचार आणि लेखणी आपली, नाव आणि धावपळ इतरांची. पुढे ग्रंथकारांनी सभेचे श्रेय बहुतेक रानड्यांच्या पदरात टाकले आहे. ते अन्यायाचे नसले तरी अपुरे आहे. रानड्यांनी काढलेला प्रश्न घेऊन गावोगाव माणसे धाडणे, त्यांच्याकडून वेळेवर उत्तर आणवणे, रुसलेल्यांची समजूत घालणे, हिशेब राखणे, हे काम काकांचे होते. ज्यांनी कोणतीही संस्था पाच वर्षे चालविली असेल त्यांस या दोन कामांपैकी कोणते अधिक दुर्मिळ ते सांगावयास नको.

कामही नेमके काढलेले असे. विलायतेस पार्लमेंटची कमिटी हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करीत होती, त्यासाठी माहिती हवी. तर सभेने ती जमविली. दक्षिणेतील शेतकरी साऱ्याने आणि कर्जाने पिचला आहे असे सर्वच म्हणत. सभेने चौकशीसाठी उपसमिती नेमली, जिल्ह्यांतून माहिती मागविली आणि १८७३ मध्ये रयतेच्या स्थितीचा अहवाल सिद्ध केला. दोन वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, सुपे गावी सावकारांच्या वह्या जळाल्या आणि दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा ज्यांनी तो अहवाल वाचला असेल त्यांस फारसा अचंबा वाटला नसेल. पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत असा अर्जही याच सुमारास गेला. त्याचे काही झाले नाही हे वेगळे.

याखेरीज लवादाची कल्पना होती. कोर्टात गेले की स्टॅम्प, वकील आणि तारखा यांत वादी-प्रतिवादी दोघेही बुडतात, हे ज्याची उपजीविकाच त्यावर चालली होती त्या काकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. आपसांत तडजोड करून देणारी लवादकोर्टे निघावीत यासाठी त्यांनी खटपट केली. वकिलाने स्वतःच्या पोटावर पाय आणणारी योजना चालवावी, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना येते.

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी व्रत घेतले की, यापुढे देशात कातलेल्या सुताचे आणि देशात विणलेले कापडच अंगावर घालीन. ते स्वतः सूत कातीत. गांधीजी तेव्हा काठेवाडात सव्वादोन वर्षांचे मूल होते, हे लक्षात घेतले म्हणजे या व्रताचे नावीन्य ध्यानात येते. मँचेस्टरचे मऊ, रंगीत आणि स्वस्त कापड टाकून जाड, मळखाऊ आणि महाग कापड घेणे हे त्या काळच्या पांढरपेशा पुण्यात चेष्टेस आमंत्रण देण्यासारखेच होते. पण काकांनी स्वदेशी हा नुसता बाणा ठेवला नाही. देशी मालाची दुकाने भागीदारीने निघावीत म्हणून ते झटले आणि पुण्याबरोबर इतर शहरांतही अशी दुकाने निघाली. त्यांतील काही चालली, काही बुडाली. बुडाली त्यांचे कारण बहुतेक एकच असावे: देशप्रेमाने एकदा शाई घेणारे गिऱ्हाईक शाई फिकी निघाल्यास दुसऱ्यांदा येत नाही. तथापि ज्या सभासदास इंग्रजी अर्जातले अक्षर कळत नव्हते, त्याला गल्ल्यावर बसता येत होते, भाग घेता येत होता, निदान आपल्या पन्नास माणसांस दुकानाची वाट दाखविता येत होती. विद्वानासाठी अहवाल, व्यापाऱ्यासाठी दुकान, वृद्ध जाणत्यासाठी लवाद. प्रत्येकाच्या हातास झेपेल असे काम सभेच्या भोवती निघत गेले.

काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा उल्लेख न करता पुढे जाणे हा कृतघ्नपणा ठरेल. त्यांनी स्त्रियांसाठी स्त्रीविचारवती सभा स्थापन केली. ज्या काळी बायकांनी एकत्र जमावयाचे ते हळदीकुंकवास वा कीर्तनास, त्या काळी विचार हा शब्द आपल्या सभेच्या नावातच घालणारी ही बाई केवढ्या धीराची असेल! आपल्याकडील मंडळांत पुरुष ठराव करतात आणि स्त्रिया पुरणपोळ्या, ही वाटणी अजून पुरती मोडलेली नाही. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सभेची खरी कसोटी लागली ती १८७६ मध्ये. त्या वर्षी पाऊस गेला. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा या पट्ट्यात पिके करपली, गुरे कवडीमोलाने विकली गेली, माणसे घरदार सोडून चालू लागली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या माणसांना कामास लावले. कोठे किती विहिरी आटल्या, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर किती माणसे आहेत, मजुरी काय मिळते, मरण किती, अशी माहिती पुण्यास येऊ लागली आणि तिच्या आधारे सरकारकडे एकामागून एक पत्रे जाऊ लागली. पुण्याच्या कचेरीत बसून लिहिलेला अर्ज सरकार बाजूस सारू शकत होते. तालुक्यातल्या माणसाने स्वतः जाऊन मोजून आणलेला आकडा बाजूस सारणे कठीण होते.

१८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या पाहणीस आले आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी कामावरील माणसाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथपर्यंत खाली आणली. खडी फोडणाऱ्या, बंधारे खणणाऱ्या माणसास एवढ्यावर जगवावयाचे! मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघाले. उपाशी माणसांनी अन्नाचे एकमेव साधन सोडून द्यावे, हा हिंदुस्थानच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्यांच्यासाठी ती भांडली त्यांपैकी फार थोड्यांची सही कोणत्याही मुखत्यारपत्रावर असेल. सभा येथे आपल्या सहा हजारांच्या पलीकडे गेली.

याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीस लॉर्ड लिटनचा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. इकडे दख्खनेत माणसे अन्नावाचून मरत असता तिकडे हत्ती, अंबाऱ्या, तोफा आणि रोषणाई. चंडीगडहून अडीचशे किलोमीटरांवर असलेल्या त्या दिल्लीस सभेतर्फे काका गेले. पुण्याहून दिल्ली त्या काळी आजच्यासारखी एका रात्रीची वाट नव्हती. संस्थानिक हिरे-मोत्यांनी लखलखत होते आणि काका आपल्या हातसुताच्या पांढऱ्या खादीत होते. त्यांनी नेलेल्या मानपत्रात राणीचे अभीष्टचिंतन तर होतेच, पण हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा आणि हक्क मिळावेत अशी मागणीही होती. मानपत्राच्या ताटात मागणीचा विडा ठेवण्याची ही रीत काकांची. तीत उद्धटपणा नाही आणि लाचारीही नाही. तो पोशाख, ती मागणी आणि तो प्रसंग यांचा मेळ पाहिला म्हणजे काकांना नाटक कळत होते असे म्हणावेसे वाटते. मात्र ते नाटक त्यांनी पाच वर्षे रोज घरी केले होते.

१८७८ हे वर्ष सभेच्या दृष्टीने वियोगाचे. रानड्यांची बदली नाशकास झाली. पुढील वर्षी त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. बदली झालेला सभासद म्हणजे गेलेला सभासद, असा आपला अनुभव आणि जवळजवळ आपला नियम आहे. सभेने तो नियम मानला नाही. त्याच वर्षी, जुलै १८७८ मध्ये, सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले आणि रानडे नाशकाहून, धुळ्याहून त्यासाठी लेख लिहीत राहिले. पुण्यात सीताराम हरी चिपळूणकर आदी मंडळी त्यांचे संपादन व छपाई पाहत. पुढे कित्येक वर्षे त्या त्रैमासिकाचा बराचसा मजकूर एकट्या रानड्यांच्या लेखणीतून उतरला. टपालाखेरीज दुसरे साधन नव्हते. आज आयटी पार्कातून बंगळुरास गेलेला आपला सभासद क्षणात बोलता येईल इतका जवळ असतो, पण आपण त्याच्याकडे काही मागत नाही. गेल्यावर चार महिन्यांनी वर्गणीची आठवण तेवढी पाठवितो.

पुढचा प्रसंग धोक्याचा होता. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड मोडले आणि ते पकडले गेले. फडके पुण्यातलेच, लष्करी हिशेबखात्यातील कारकून. स्वदेशीवरील व्याख्यानांच्या वातावरणात त्यांचे मन तापले होते. सरकारचा संशय पुण्याच्या सर्वच पुढाऱ्यांवर होता. रानड्यांची धुळ्यास झालेली बदली याच संशयाचे फळ मानतात. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारी रोष अंगावर ओढून घेणे. काकांनी ते घेतले. त्यांचा मार्ग अर्जाचा, फडक्यांचा शस्त्राचा; दोहोंत मेळ नव्हता. पण आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, एवढे काकांना पुरेसे होते. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांना एडनला नेण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. तोपर्यंत काका राहिले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दहा वर्षे तीन महिने ते सभेसाठी राबले.

सभेविषयी लिहिताना तिची उणीव झाकणे बरे नव्हे. मुखत्यारपत्राचा नियम कोणत्याही जातीस बंद नव्हता, तरी सभेत आले ते बहुधा सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर; त्यांतही ब्राह्मण अधिक. त्याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि सार्वजनिक म्हणविणारी ही सभा खरोखर कोणाची, असा प्रश्न त्यांनी कठोर शब्दांत केला. त्यास सभेपाशी चांगले उत्तर नव्हते. माणूस सह्या मागावयास जातो तो ओळखीच्याच घरी. पन्नास दारे ठोठावली तरी ती एकाच आळीतली असू शकतात. आपल्या मंडळातही सभासद करून घेताना आपण सेक्टर आणि कचेरी सोडून फारसे बाहेर जात नाही. किशनगड-मनीमाजऱ्याकडील बांधकामावर, भांड्यांच्या वा सोन्याच्या कारागिरीत पोट भरणारा मराठी माणूस भेटला तर त्यास नोंदवहीचे पान दाखवावे, हे कितीजणांच्या मनात येते?

काका गेल्यावर सभा संपली नाही, पण तिची जात बदलली. त्रैमासिकाची कीर्ती वाढली, विलायतेतही ते वाचले जाऊ लागले, आणि सभासद मात्र हळूहळू वाचक झाले. चार विद्वानांनी उत्तम इंग्रजीत लिहावे आणि इतरांनी अभिमानाने ते कपाटात ठेवावे, अशी स्थिती आली. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यासच भरावयाचे होते आणि यजमानपण सार्वजनिक सभेकडे होते. कॉलऱ्यामुळे ते मुंबईस हलवावे लागले. १८९० मध्ये तरुण गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले. त्यांनी त्रैमासिकाचा दर्जा राखला. परंतु पन्नास दारी फिरणारे सभासद त्यांना वारशात मिळाले नव्हते. त्यामुळे १८९५ मध्ये टिळकपक्षाने नवे सभासद नोंदवून व्यवस्थापक मंडळ ताब्यात घेतले, तेव्हा रानडे-गोखल्यांची बाजू एका निवडणुकीत कोसळली. जागे सभासद असलेली संस्था अशी एका बैठकीत हातची जात नसते. हे आमचे मत आहे. टिळकांच्या वा गोखल्यांच्या अभिमान्यांनी रागावू नये. १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला, टिळकांनी सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी गावोगाव पाठविले, शेतकऱ्यांस दुष्काळी नियमांतील त्यांचे हक्क समजावून दिले. काकांची जुनी रीत वीस वर्षांनी पुन्हा उजेडात आली, आणि ती इतकी झोंबली की १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

गोखल्यांनी या अनुभवावरून काय घेतले हे त्यांच्या पुढील कृतीवरून दिसते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे सभासद होण्यास सात शपथा, अल्प वेतन आणि पाच वर्षांची उमेदवारी होती. प्रवेशाचे दार अरुंद ठेवावयाचे आणि आत आलेल्यास काम द्यावयाचे, हे सूत्र काकांचेच. फक्त पन्नास सह्यांच्या जागी पाच वर्षे आली. त्याच १९०५ मध्ये काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून विलायतेस गेलेल्यांत गोखल्यांबरोबर पंजाबचे लाला लजपतराय होते. पुढे १९२१ मध्ये लालाजींनी लाहोरास लोक सेवक मंडळ काढले ते गोखल्यांच्या समाजाच्या धर्तीवर. फाळणीनंतर ते मंडळ लाहोरातून उखडले गेले आणि सरहद्दीच्या अलीकडे पुन्हा उभे राहिले. चंडीगडात सेक्टर १५ मध्ये असलेले लजपतराय भवन त्याचेच. आयटी पार्कापासून ते शहराच्या दुसऱ्या अंगास आहे. आपल्यापैकी बहुतेकजण त्याच्यावरून कैकदा गेले असतील.